केवलमूल्य : नियम आधी की अंतर आधी?

बीजगणितात काही कल्पना अशा आहेत, की त्यांचे नाव सोपे, चिन्ह सोपे आणि पहिली चार उदाहरणेही सोपी. आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पुरेसे लक्ष देत नाही. संख्येच्या दोन्ही अंगांस एकेक उभी रेघ ओढून दाखविले जाणारे केवलमूल्य हे त्यांपैकीच एक होय. |५| म्हणजे ५ आणि |−५| म्हणजेही ५. हे सांगण्यास शिक्षकाला दोन मिनिटे पुरतात व समजण्यास विद्यार्थ्याला त्याहूनही कमी वेळ लागतो. "आत ऋण चिन्ह असल्यास ते काढून टाकावे" असा नियम वहीत उतरला जातो, पाच-सहा उदाहरणे बिनचूक सुटतात आणि वर्ग पुढील प्रकरणाकडे वळतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी याच नियमापाशी विद्यार्थी अडखळतो. खोटा नियम पहिल्याच उदाहरणात उघडा पडला असता. हा नियम खोटा नसून अपुरा आहे, त्यामुळे तो बराच काळ खपून जातो. जोवर उभ्या रेघांच्या आत अंक आहेत तोवर काढून टाकण्याजोगे चिन्ह डोळ्यांना दिसते. रेघांच्या आत अक्षर आले, की काढावयाचे काय हेच कळेनासे होते. मग |−क्ष| याचे उत्तर बेधडक क्ष असे लिहिले जाते. क्षची किंमत −४ असेल तर हे उत्तर −४ येते, आणि केवलमूल्य तर ऋण असूच शकत नाही. त्याहून गमतीचा प्रकार |क्ष − ५| याचा. तेथे वजाबाकीचे चिन्ह दिसताच ते पुसून क्ष + ५ असे मांडणारे विद्यार्थी थोडे नसतात. क्षच्या जागी ५ घातले तर खरे उत्तर शून्य आणि यांचे दहा! नियम पाळूनच ही चूक झालेली असल्यामुळे आपले कोठे चुकले ते त्यांना उमगत नाही, आणि "गणितात मनाला येईल तसे नियम असतात" अशी समजूत मात्र पक्की होऊन बसते. केवलमूल्याच्या चार गुणांपेक्षा ही समजूत अधिक महाग पडते.

म्हणून क्रम बदलला पाहिजे. केवलमूल्य प्रथम अंतर म्हणून शिकवावे, लगोलग त्याचा आलेख हाताने काढून घ्यावा, आणि चिन्हाचा नियम सर्वांत शेवटी, या दोहोंतून निघालेला निष्कर्ष म्हणून मांडावा. पाठ्यपुस्तके याच्या आड येतात असेही नाही. महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यारेषेवरील शून्यापासूनचे अंतर अशीच केवलमूल्याची व्याख्या आहे. परंतु व्याख्येची ओळ वाचली जाते, आणि वर्गात प्रत्यक्ष घोकला जातो तो चिन्ह पुसण्याचा नियम.

येथे शब्दाचाही थोडा दोष आहे. संस्कृतातील 'केवल' म्हणजे अन्य कशावर अवलंबून नसलेले. पण मराठी मुलाच्या कानाला तो 'केवळ' असा ऐकू येतो, आणि 'केवळ मूल्य' म्हणजे चिन्ह वगळून उरलेली नुसती संख्या असा अर्थ तो आपोआप लावतो. हिंदी पुस्तकांत 'निरपेक्ष मान' व 'मापांक' अशी दोन नावे आढळतात. इंदूर किंवा भोपाळ येथे हिंदीतून शिकणाऱ्या मराठी मुलाला ती परिचित असतील. त्यांपैकी 'मापांक' या शब्दात निदान मोजण्याची खूण आहे. मराठीत रुळलेला शब्द आता बदलण्याचे कारण नाही, मात्र तो उच्चारताना "शून्यापासून किती दूर?" हा प्रश्न प्रत्येक वेळी जोडीला असावा. याउलट धन आणि ऋण हे शब्द मात्र आपल्या मुलांना जन्मतःच लाभलेले आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' ग्रंथात धन व ऋण यांच्या बेरजेचा नियम दिला : धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातील अंतर, आणि दोन्ही समान असल्यास शून्य. येथे 'समान' म्हणताना दोन राशींची चिन्हे भिन्न आहेत, तरीही त्या समान मानल्या आहेत. म्हणजे केवलमूल्याला निराळे नाव मिळण्यापूर्वीच त्याचा उपयोग चालू होता. पाचशे रुपयांचे देणे आणि पाचशे रुपयांची शिल्लक यांत दिशा उलट आहे, रक्कम तीच आहे.

अंतराची कल्पना रुजविण्यासाठी संख्यारेषा फळ्यावर काढण्यापूर्वी एखादी खरीखुरी रेषा घ्यावी. मुंबई-पुणे लोहमार्ग यासाठी फार सोयीचा आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे शून्य मानले, की पुढील स्थानकांचे किलोमीटर पूर्णांकात असे येतात : दादर ९, कल्याण ५४, कर्जत १००, लोणावळा १२८, पुणे १९२. आता कर्जतला राहणाऱ्या मुलाला विचारावे, की यांपैकी प्रत्येक स्थानक तुझ्या गावापासून किती दूर? तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल : लोणावळा २८, पुणे ९२, कल्याण ४६, दादर ९१, मुंबई १००. लोणावळ्यासाठी त्याने १२८मधून १०० वजा केले. कल्याणसाठी १००मधून ५४. कोणती संख्या कोणत्या संख्येतून वजा करावयाची याचा नियम त्याला कोणी सांगितलेला नव्हता. लहान संख्या मोठीतून वजा करावी हे त्याने अंतर या शब्दावरूनच ओळखले. त्याने नकळत जे केले तेच |क्ष − १००| या चिन्हांत लिहिलेले आहे, एवढेच आता त्याला दाखवावयाचे राहते. कल्याणहून लोणावळ्याचे अंतर आणि लोणावळ्याहून कल्याणचे अंतर दोन्ही ७४ किलोमीटर. म्हणून |५४ − १२८| आणि |१२८ − ५४| समान. हे सिद्ध करण्यासाठी त्याला कोणत्याही सूत्राची गरज भासत नाही.

यानंतर आलेख कागद हाती द्यावा. आडव्या अक्षावर मुंबईपासूनचे किलोमीटर, उभ्या अक्षावर कर्जतपासूनचे अंतर. मुंबईच्या बिंदूवर उंची १००, दादरला ९१, कल्याणला ४६, कर्जतला शून्य, लोणावळ्याला २८, पुण्याला ९२. सहा बिंदू मांडून झाले, की ते जोडण्याची पाळी येते आणि येथे पुष्कळ मुले कर्जतपाशी रेषेला गोलाई देऊन वाटीसारखा आकार काढतात. हातातली पट्टी हिसकावून घेऊन सुधारणा करण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा. गाडी कर्जतकडे एक किलोमीटर सरकली तर अंतर किती घटते? एकच किलोमीटर, कल्याणजवळही एकच आणि कर्जतच्या फलाटाबाहेरही एकच. घट सर्वत्र सारखी असेल तर रेषा वाकेल कशाला? कर्जत ओलांडताच तीच घट वाढीत बदलते, तीही तत्काळ. म्हणून डावी भुजा सरळ खाली येते, उजवी सरळ वर जाते आणि मध्ये टोकदार कोपरा होतो. डावीकडील भुजेचा चढ −१, उजवीकडील १. केवलमूल्याच्या आलेखाचे सारे रहस्य या कोपऱ्यात आहे. त्याला गोल करणे म्हणजे तेथे जे घडते तेच पुसून टाकणे होय.

याच आकृतीवर आणखी एक गैरसमज हटकून निघतो, आणि तो निघालेला बरा. कर्जतच्या पुढे बोरघाट सुरू होतो, तेथे गाडीला मागून जादा एंजिने जोडतात. साहजिकच आलेखाची उजवी भुजा म्हणजे घाटाचा चढ, असे एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल. मग त्याला विचारावे, की डाव्या बाजूला मुंबई कर्जतच्या शंभर हात वर आहे काय? आणि लोणावळ्याच्या पुढे पुण्यापर्यंत लोहमार्ग घाटासारखाच चढत जातो काय? आलेख हे प्रदेशाचे चित्र नव्हे. तो दोन राशींमधील संबंध आहे. हा भेद ज्याच्या मनात एकदा उतरला त्याला पुढे भौतिकशास्त्रात वेग आणि काल यांचे आलेख वाचताना फार मदत होते.

आता अकरावीत हमखास येणारा प्रश्न. य = |क्ष| या आलेखाचे टोक आरंभबिंदूवर असते; य = |क्ष − ३| याचे टोक मात्र उजवीकडे ३ वर जाते. वजा असताना आलेख उजवीकडे का सरकावा? "वजा म्हणजे उजवीकडे, अधिक म्हणजे डावीकडे" हे पाठ करून घेणे ही नेहमीची वाट, आणि ऐन परीक्षेत उलटे आठवणे हे तिचे नेहमीचे फळ. कर्जतच्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही. |क्ष − १००| याचे टोक १०० वर असते, कारण कर्जतपासूनचे अंतर कर्जतलाच शून्य होते. त्याच न्यायाने |क्ष − ३| हे ३ पासूनचे अंतर. |क्ष + ३| मध्ये कोणाची वजाबाकी दिसत नाही, तर ती घडवून आणावी : क्ष + ३ म्हणजे क्ष − (−३). अर्थात् ते −३ पासूनचे अंतर झाले व टोक डावीकडे गेले. बाकीचे फेरफार यापुढे झटपट उरकतात. २|क्ष| मध्ये भुजा दुप्पट उभ्या होतात, |क्ष| + १० मध्ये सारी आकृती दहा घरे वर उचलली जाते, आणि −|क्ष| मध्ये ती उलटी होऊन टोक माथ्यावर येते.

समीकरणे आणि असमता यांचे कोडेही याच कागदावर सुटते. कर्जतपासून २८ किलोमीटरवरील ठिकाणे कोणती? आलेखावर २८ उंचीची आडवी रेघ दोन्ही भुजांना छेदते : एकीकडे लोणावळा, दुसरीकडे ७२ हा अंक, म्हणजे बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यानची जागा. समीकरणाला दोन उत्तरे का, हे डोळ्यांपुढे येते. ५० किलोमीटरच्या आतील टापू विचारला तर रेघ ५० आणि १५० येथे छेदते. त्यांच्या मधल्या पट्ट्यात कल्याण व लोणावळा येतात, दादर व पुणे बाहेर राहतात. ५० हून अधिक दूर असे विचारले तर तो पट्टा सोडून दोन्ही अंगांचे दोन तुकडे घ्यावे लागतात. हे चित्र मनात असलेला विद्यार्थी −५० > क्ष − १०० > ५० अशी साखळी कधी लिहिणार नाही. कारण एकच स्थानक कर्जतच्या अलीकडेही पन्नासहून दूर आणि पलीकडेही पन्नासहून दूर, असे असू शकत नाही. आणि कर्जतपासून −५ किलोमीटरवर काय आहे असे कोणी विचारलेच, तर तो हसेल. |क्ष − १००| = −५ याला उकल नाही, एवढे ते हसू पुरेसे आहे.

अनुभवी शिक्षक यावर म्हणतील, की हे सारे ऐकावयास गोड आहे, पण तासिका मोजक्या, वर्ग साठ मुलांचा. नियम सांगितला म्हणजे निदान उत्तर तरी येते. ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की नियमाने उत्तर खरोखर येते काय? |क्ष − २| = २क्ष − १ हे साधेसे समीकरण घ्यावे. नियमाने जाणारा विद्यार्थी दोन बाजू करतो. क्ष − २ = २क्ष − १ यातून क्ष = −१; आणि २ − क्ष = २क्ष − १ यातून क्ष = १. दोन्ही उत्तरे लिहून तो मोकळा होतो. त्यांपैकी पहिले चुकीचे आहे : −१ ठेवले तर डावी बाजू ३ आणि उजवी −३. आलेखावर पाहावे. २ वर टोक असलेली आकृती आणि २क्ष − १ ही रेषा (१, १) या एकाच बिंदूत भेटतात. क्ष = २ असताना रेषा ३ उंचीवर, तर आकृती अद्याप शून्यावर; शिवाय रेषेचा चढ २ आणि उजव्या भुजेचा १, तेव्हा ती भुजा रेषेला कधी गाठणारच नाही. उत्तरे दोन की एक, हे कागदावर ओझरती आकृती काढणाऱ्याला आकडेमोड करण्यापूर्वीच समजते. आलेखासाठी सुरुवातीला दिलेल्या दोन तासिका पुढे अशा ठिकाणी वसूल होतात.

एवढी तयारी झाल्यावरच दोन ओळींची व्याख्या फळ्यावर यावी : क्ष शून्य किंवा धन असेल तर |क्ष| = क्ष; क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पुस्तकात मापांक फलाची ओळख याच दोन ओळींनी होते. दुसरी ओळ वाचून प्रामाणिक विद्यार्थी चक्रावतो. केवलमूल्य कधी ऋण नसते म्हणता, आणि उत्तरात तर वजा! अशी शंका घेणाऱ्याला गप्प बसविणे हे अध्यापनातील मोठेच पाप म्हणावे लागेल, कारण बीजगणितातील एक मर्मस्थान त्याला सापडलेले असते. −क्ष हे चिन्ह संख्या ऋण असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. ती 'शून्याच्या पलीकडच्या बाजूला जा' अशी आज्ञा आहे. क्ष जर −७ असेल तर आज्ञा पाळून ७ वर येणे होते. आलेखावर ही दुसरी ओळ म्हणजे डावी भुजा; ती य = −क्ष या रेषेचा अक्षावरील भाग आहे व तिच्यावरील प्रत्येक बिंदूची उंची धन आहे. √(क्ष²) म्हणजे क्ष असे लिहिण्याची सार्वत्रिक सवयही येथेच मोडावी. क्ष = −३ असता क्ष² = ९ आणि √९ = ३, म्हणजे क्ष नव्हे, |क्ष|. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' ग्रंथात धन राशीला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात असे सांगितले आहे. आजच्या मूळचिन्हाने त्या दोहोंपैकी ऋण नसलेले तेवढे घ्यावयाचे हा संकेत आहे, आणि तो पाळण्यासाठी केवलमूल्य लागते.

आता भ्रमणध्वनीवरही आलेख काढणारी साधने आहेत. समीकरण लिहिले, की आकृती तयार. त्यांचा उपयोग अवश्य करावा, परंतु पहिला आलेख हातानेच काढलेला असावा. सहा बिंदू स्वतः मांडणाऱ्यालाच कोपऱ्यापाशी "गोल की टोकदार?" असा प्रश्न पडतो. पडद्यावर आकृती आयती दिसते आणि तो प्रश्न उपस्थितच होत नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात मिळते. उभ्या रेघांचे हे चिन्ह १८४१ साली जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास याने योजिले, आणि सीमा या कल्पनेची काटेकोर व्याख्याही त्याच्याच परंपरेतून रूढ झाली. त्या व्याख्येत पावलोपावली |क्ष − अ| हे एका लहानशा संख्येहून कमी आहे, असे विधान येते. अंतराच्या भाषेत त्याचा अर्थ 'क्ष हा अच्या निकट आहे' इतकाच. चिन्ह पुसावयास शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र ती ओळ परक्या लिपीसारखी वाटते, आणि कलनशास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन टाकतो. त्याच वर्षी त्याला |क्ष| या फलाला शून्यापाशी विकलज नाही असेही शिकविले जाते. कोपरा ज्याने हाताने काढला आहे, त्याला कारण ठाऊक असते : एका बाजूने चढ −१ आणि दुसऱ्या बाजूने १, मग टोकावर कोणता मानावा?

ज्या विद्यार्थ्याची गोडी वाढली असेल त्याच्यासाठी त्याच लोहमार्गावर आणखी एक कोडे आहे. कल्याण आणि लोणावळा या दोन्ही ठिकाणांपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी कोठे येईल? पुष्कळजण मध्यबिंदू सांगतात. आलेख काढला म्हणजे आश्चर्य वाटते : ५४ पासून १२८ पर्यंत बेरीज सर्वत्र ७४ राहते व तळ सपाट होतो. आता कर्जत हे तिसरे स्थानक घ्यावे. बेरीज सर्वांत कमी होते ती नेमकी कर्जतला, ४६ + ० + २८ म्हणजे ७४. तिन्ही संख्यांची सरासरी ९४ आहे, पण तेथे बेरीज ८० भरते. लोणावळ्याऐवजी पुणे घेतले तर सरासरी ११५च्या पलीकडे जाते. सर्वांत सोयीचे ठिकाण मात्र कर्जतच राहते. संख्याशास्त्रात मध्यक म्हणतात तो हाच. निरीक्षणांतील चुकांच्या केवलमूल्यांची बेरीज कमीत कमी करावी, ही सूचना बॉस्कोविच या गणितज्ञाने १७५७ साली पृथ्वीच्या आकारासंबंधीच्या मोजमापांच्या निमित्ताने केली होती. १८०५ मध्ये लजांद्रने प्रसिद्ध केलेल्या न्यूनतम वर्गांच्या रीतीने ती मागे पडली. वर्गाच्या आलेखाला कोपरा नसतो व आकडेमोड सुकर होते, हे त्याचे एक मोठे कारण. मात्र एखादे निरीक्षण अगदीच भलते असेल, तर केवलमूल्याची रीत त्याच्या आहारी कमी जाते. पुणे आल्यावरही कर्जत ढळले नाही, तसेच हे. संगणकामुळे आकडेमोडीचे भय उरले नसल्याने ती आज पुन्हा वापरात आहे. चारही स्थानके, म्हणजे कल्याण, कर्जत, लोणावळा व पुणे, एकत्र घेतली तर तळाचा सपाट भाग परत येतो. तो कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत असतो आणि त्यावर बेरीज सर्वत्र १६६ असते. पाच स्थानकांचे काय होईल, हे विद्यार्थ्याने कागदावर काढून पाहावे.